वेगळ्या चुलीचा हिशेब

महिन्याची पहिली तारीख. दूधवाला दारात उभा.

"वहिनी, एकोणतीस लिटर झालं."

"एकोणतीस कसं? गेल्या महिन्यात चार दिवस खाडा होता. सत्तावीसच होतात."

"नाही हो, दोनच दिवस होता खाडा."

आता इथे गृहिणींचे दोन प्रकार दिसतात, बरं का. एक म्हणते, "काय बाई तुम्ही लोक! दर महिन्याला असंच करता!" दूधवाला हसतो, "पुढच्या महिन्यात बघू," म्हणतो आणि एकोणतीस लिटरचे पैसे घेऊन जिना उतरतो. दुसरी काहीच बोलत नाही. आत जाते, भिंतीवरचे कॅलेंडर काढून आणते आणि पेन्सिलीने केलेल्या चार फुल्या त्याच्यासमोर धरते. सात, आठ, नऊ आणि बावीस तारीख. दूधवाला डोके खाजवतो आणि सत्तावीस लिटरवर येतो. दोघींचाही राग सारखाच होता. फरक पडला तो त्या चार फुल्यांनी.

भगिनींनो, विधिमंडळात आमदार सरकारला जे प्रश्न विचारतात, ते अखेर या पेन्सिलीच्या फुल्यांसारखेच असतात. आपण वर्तमानपत्रात 'सभागृहात गदारोळ' असा मथळा वाचतो, "यांची भांडणं कधी संपायची!" असे म्हणतो आणि पान उलटतो. पण त्या गदारोळाच्या मागे एक काम रोज निमूटपणे चाललेले असते. दवाखान्यात किती खाटा, शाळेत किती शिक्षक, पाण्याची योजना कुठवर आली, पैसे कुठे गेले, असा सरकारकडे हिशेब मागण्याचे काम. या प्रश्नोत्तरांतून एखाद्या साध्यासुध्या बाईच्या पदरात खरोखर काही पडते का?

त्याचे उत्तर शोधायला आज मी तुम्हांला जरा लांब, स्कॉटलंडमध्ये नेणार आहे. इतक्या लांब कशाला, असे म्हणाल. तिथल्या काही बायकांनी चारचौघांत ज्याचा उच्चार करायचीही चोरी, असे एक दुखणे थेट संसदेत नेले. ते सुटायला आठ वर्षे लागली. त्या आठ वर्षांतली प्रत्येक पायरी कागदावर आहे, आणि ती आपल्यालाही शिकण्यासारखी आहे.

चूल वेगळी, वाडा एकच

आधी तिथले घर कसे आहे ते पाहू. स्कॉटलंड हा ब्रिटनचाच भाग. तिथला कारभार लंडनहून चाले. सप्टेंबर १९९७ मध्ये तिथल्या लोकांनी कौल दिला, की आमची वेगळी संसद हवी. १९९८ साली तसा कायदा झाला, मे १९९९ मध्ये निवडणूक झाली आणि १ जुलै १९९९ पासून एडिनबरोच्या संसदेने कारभार हाती घेतला.

म्हणजे झाले काय, तर एकत्र कुटुंबात एका सुनेची चूल वेगळी मांडून दिली. रोजचा स्वयंपाक, मुलांची शाळा, घरातली आजारपणे तिने बघायची. पण जमीनजुमला, बाहेरचे व्यवहार, चार गावांशी असलेले संबंध अजून थोरल्यांच्या हातात. स्कॉटलंडमध्ये आरोग्यसेवा, शिक्षण, शेती, घरबांधणी, नगरपालिकांचा कारभार हे एडिनबरोकडे आले. सैन्य, परराष्ट्र व्यवहार, नागरिकत्व हे लंडनकडेच राहिले. पैशाचेही तसेच. मोठी रक्कम लंडनच्या तिजोरीतून येते, काही कर एडिनबरोचे सरकार स्वतः ठरवते. आपल्याकडच्या राज्यांना अधिकार मिळाले ते राज्यघटनेतून. तिथे ते लंडनच्या संसदेने कायदा करून सोपवलेले आहेत.

वेगळ्या चुलीचा एक फायदा असतो. भाजी खारट झाली तर कुणाला विचारायचे ते ठाऊक असते. पण एक अडचणही असते. "मीठ वरूनच तसं आलं," असे म्हणायची सोय राहते! ही अडचण लक्षात ठेवा, आपल्या गोष्टीत ती पुढे येणार आहे.

या संसदेत १२९ सभासद असतात. सरकारच्या प्रमुखाला फर्स्ट मिनिस्टर म्हणतात. आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखेच ते पद समजा.

विचारण्याच्या वाटा

सभासदाला सरकारकडे हिशेब मागायच्या तीनचार वाटा आहेत.

पहिली वाट लेखी प्रश्नाची. सभासद प्रश्न लिहून देतो आणि अधिवेशन चालू असताना साधारण कामकाजाच्या १० दिवसांत मंत्र्याने लेखी उत्तर द्यायचे असते. प्रश्न आणि उत्तर दोन्ही प्रसिद्ध होतात, कुणालाही वाचता येतात. यात टाळ्या नाहीत, आरडाओरडा नाही. पण आकडे निघतात ते बहुतेक याच वाटेने. ही झाली कॅलेंडरवरची पेन्सिल.

दुसरी वाट तोंडी प्रश्नांची. आरोग्य, शिक्षण अशा खात्यांच्या पाळ्या लागतात आणि त्या त्या मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते. उत्तर झाले की सभासदाला आणखी एक उपप्रश्न विचारता येतो. गंमत असते ती या उपप्रश्नात. पहिले उत्तर मंत्र्याला अधिकाऱ्यांनी लिहून दिलेले असते. उपप्रश्नाला मात्र त्याची स्वतःची तयारी दिसते. आपणही मुलाला "अभ्यास झाला का?" असे विचारतो तेव्हा "हो" हे उत्तर तयारच असते. "मग तिसरं गणित दाखव बघू," म्हटले की खरे काय ते कळते.

तिसरी वाट फर्स्ट मिनिस्टरच्या प्रश्नांची. गुरुवारी दुपारी बारा वाजता, सगळ्या देशाच्या डोळ्यांदेखत. पूर्वी यासाठी अर्धा तास असे, २०१६ पासून तो पाऊण तास झाला. विरोधी पक्षांचे पुढारी इथे सरकारला धारेवर धरतात. खरे सांगायचे तर यात नाटकही पुष्कळ असते. कोण कुणाला कसे टोमणे मारतो इकडेच बघ्यांचे लक्ष. पण एखादी गोष्ट इथे विचारली गेली, की दुसऱ्या दिवशी ती घराघरांत पोचलेली असते, हेही तितकेच खरे.

चौथी वाट समित्यांची. समितीत मंत्री, अधिकारी, डॉक्टर यांना बोलावून तास तास विचारता येते. यातलीच एक समिती नागरिकांच्या अर्जांसाठी आहे. कोणत्याही सामान्य माणसाने संसदेकडे अर्ज करावा. हजारो सह्या लागत नाहीत, एकट्याची सही असली तरी पुरते. आपली गोष्ट याच दारातून आत शिरली.

न बोलायचे दुखणे

बाळंतपणानंतर किंवा पाळी जाण्याच्या वयात पुष्कळ बायकांना एक त्रास होतो. शिंकले, खोकले, हसले की लघवीचे थेंब जातात. काहींचे अंग बाहेर येते. आपल्याकडे काय किंवा तिकडे काय, बायका हे कुणाला सांगत नाहीत. कापडाची घडी ठेवतात, लग्नाकार्याला जायचे टाळतात, बसचा लांबचा प्रवास नको म्हणतात.

यावर ब्रिटनमध्ये एक शस्त्रक्रिया रूढ झाली. पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लॅस्टिकची बारीक जाळी आतून बसवायची आणि सैल पडलेल्या भागाला आधार द्यायचा. थोड्या वेळाचे काम, लवकर घरी. पुष्कळ जणींना त्याने आरामही पडला. पण काही जणींच्या आयुष्याची मात्र धूळधाण झाली. जाळी आत कापू लागली. मांड्यांत, ओटीपोटात, पाठीत न थांबणाऱ्या कळा. पतिपत्नीचे नाते दुखावले, नोकऱ्या सुटल्या. चालती-बोलती बाई काठीवर आली, काही तर चाकाच्या खुर्चीत बसल्या. आणि ही जाळी सहजी काढताही येत नाही. कुंपणाच्या तारेत वेल गुंतावा तसे शरीराचे मांस तिच्या भोकांतून वाढलेले असते.

त्याहून मोठे दुःख वेगळेच होते. डॉक्टरांकडे गेल्यावर त्यांना ऐकायला मिळे, की हे जाळीमुळे नव्हेच. दुसरे काहीतरी असेल. तुमच्या मनाचे असेल. आपल्याएवढा त्रास दुसऱ्या कुणाला नाही, असे प्रत्येकीला वाटत राहिले. कारण अशा किती जणी आहेत, याची नीट नोंदच कुठे नव्हती.

मग अशा बायका एकमेकींना भेटल्या. २०१४ साली त्यांनी संसदेकडे अर्ज केला. मागण्या साध्या होत्या. ही शस्त्रक्रिया थांबवा. चौकशी करा. त्रास झाला तर डॉक्टरांनी तो कळवणे सक्तीचे करा. कुणाला जाळी बसवली त्याची नोंदवही ठेवा. आणि बाईला आधी सगळे धोके समजावून सांगा, मग तिची संमती घ्या. पाहा, यात रडगाणे कुठेच नाही. दर मागणीत काहीतरी मोजता येण्याजोगे, तपासता येण्याजोगे आहे.

समितीसमोर त्या बायका स्वतः बोलल्या. जे घरातही बोलायचा संकोच वाटावा, ते पुरुष सभासदांच्या समोर, नोंद होत असताना बोलल्या. केवढे धैर्य लागले असेल त्यांना!

"आमच्या हातात नाही"

जून २०१४ मध्ये त्या वेळचे आरोग्यमंत्री अॅलेक्स नील यांनी आरोग्य मंडळांना सांगितले, की तूर्त या शस्त्रक्रिया थांबवा. बायकांना वाटले, जिंकलो. पण ती होती विनंती, बंदी नव्हे. का? तर दवाखाने एडिनबरोच्या सरकारचे, पण वैद्यकीय साधनांना मान्यता देण्याचे काम लंडनकडे. आणि लंडनच्या खात्याचे म्हणणे होते, की जाळीचे फायदे तोट्यांपेक्षा जास्त आहेत. आले ना लक्षात? मीठ वरूनच तसे आले!

स्कॉटलंडमध्ये निरनिराळ्या भागांची १४ आरोग्य मंडळे आहेत. विनंती असल्यामुळे काही ठिकाणी शस्त्रक्रिया चालूच राहिल्या. इथे प्रश्न विचारणाऱ्या सभासदांचे खरे काम सुरू झाले. 'साधनाला मान्यता कुणी दिली' हा लंडनचा विषय असेल, पण तुमच्या दवाखान्यात, तुमच्या पगारी डॉक्टरांनी, तुमच्या देशातल्या बाईवर केलेली शस्त्रक्रिया हा तर तुमचाच विषय ना? नोंद ठेवणे तुमच्या हातात आहे ना? संमतीचा कागद तुमचाच ना? दुखावलेल्या बाईला चांगला डॉक्टर मिळवून देणे तुमचेच काम ना? "हातात नाही" म्हणणाऱ्याला "हातात आहे ते तरी करा" असे सांगणे, हीच प्रश्नकर्त्याची हुशारी.

या कामात तीन पक्षांचे तीन सभासद विशेष पुढे होते. मजूर पक्षाचे नील फिंडले, हुजूर पक्षाचे जॅक्सन कार्लो आणि सत्ताधारी पक्षाचे तेच अॅलेक्स नील, मंत्रिपद सुटल्यावर. कालपर्यंत ज्यांनी उत्तरे दिली, तेच आता बाकावर बसून प्रश्न विचारू लागले. एरवी या पक्षांचे एकमेकांशी विळ्याभोपळ्याचे सख्य. पण या प्रश्नावर तिघे एकत्र राहिले. त्यामुळे "हे विरोधकांचं राजकारण आहे," असे म्हणून सरकारला हात झटकता आले नाहीत.

मग आली चौकशी समिती. "समिती नेमली आहे" हे उत्तर आपल्या किती ओळखीचे आहे! तिचा पहिला अहवाल २०१५ च्या ऑक्टोबरात आला आणि अखेरचा मार्च २०१७ मध्ये. पण शेवटचा अहवाल येण्याआधीच समितीवर घेतलेल्या रुग्ण स्त्रियांनी राजीनामे दिले. महत्त्वाची माहिती त्यातून गाळली, असे त्यांचे म्हणणे. अहवालावर सडकून टीका झाली आणि सभागृहात पुन्हा प्रश्न सुरू झाले. शेवटी सरकारला त्या चौकशीचीच चौकशी करवून घ्यावी लागली. ग्लासगोच्या प्राध्यापिका अॅलिसन ब्रिटन यांनी ती केली, आणि २०१८ च्या ऑक्टोबरात आलेल्या त्यांच्या अहवालाने त्या कामातल्या उणिवा उघड केल्या.

त्याआधी महिनाभर, सप्टेंबर २०१८ मध्ये, आरोग्यमंत्री जीन फ्रीमन यांनी या जाळीचा वापर थांबवण्याचा आदेश दिला. २०१४ ची 'विनंती' आणि २०१८ चा 'आदेश', या दोन शब्दांमध्ये चार वर्षे गेली. त्या चार वर्षांत ज्यांच्या पोटात जाळी बसली, त्यांना ती वर्षे कोण परत देणार?

आठ वर्षांनी

शस्त्रक्रिया थांबल्या, पण ज्यांना जाळी आधीच बसली होती त्यांचे काय? काही जणींनी सांगितले, की आम्हांला 'जाळी पूर्ण काढली' असे सांगितले गेले, पण तिचे तुकडे आत तसेच आहेत. आता त्यांचा स्वतःच्याच दवाखान्यांवरचा विश्वास उडाला होता. काहींनी घरातली पुंजी मोडून, कर्ज काढून परदेशी किंवा खाजगी डॉक्टरांकडून जाळी काढून घेतली.

सभागृहात पुन्हा तेच प्रश्न. या सगळ्या काळात आरोग्यमंत्री चार झाले. नील गेले, शोना रॉबिसन आल्या, मग जीन फ्रीमन, मग हमझा युसुफ. मंत्री बदलला की फाईल खाली जाते, हा सगळीकडचा अनुभव. पण विचारणारे थकले नाहीत, म्हणून फाईल वरच राहिली. नोव्हेंबर २०१९ मध्ये फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन या बायकांना स्वतः भेटल्या. २०२० साली १० लाख पौंडांचा निधी काढून प्रत्येकीला एकदाच १,००० पौंडांची मदत सुरू झाली. त्यांच्या आजाराचे जुने कागद पुन्हा तपासण्याचे ठरले. आणि जुलै २०२१ मध्ये सरकारने मान्य केले, की जाळी काढण्यासाठी स्कॉटलंडबाहेर, इंग्लंडमध्ये किंवा खाजगी डॉक्टरांकडे जायचे असेल, तर खर्च सरकार करील. एका शस्त्रक्रियेचा खर्च १६,००० ते २३,००० पौंडांच्या घरात धरलेला होता.

ज्यांनी आधीच स्वतःचे पैसे घातले होते, त्यांना ते परत देण्यासाठी कायदा करावा लागला. तो २५ जानेवारी २०२२ रोजी संसदेने मंजूर केला. शस्त्रक्रियेबरोबर प्रवासासारखा वाजवी खर्चही त्यात धरला.

ही गोष्ट मी 'शेवट गोड' म्हणून सांगत नाही. प्रश्नांनी कुणाची कळ थांबत नाही. जी बाई चालेनाशी झाली, ती सभागृहातल्या उत्तराने चालू लागली नाही. पण 'तुझ्या मनाचं आहे' असे जिला सांगितले होते, तिचे दुखणे खरे आहे, हे सरकारला नोंदीवर कबूल करावे लागले. आणि तिच्या मागून येणाऱ्या बायका वाचल्या. मला वाटते, हेही थोडे नाही.

(जाता जाता एक सांगते. हा त्रास कुणाला असेल, तर घाबरूनही जाऊ नये आणि लपवूनही ठेवू नये. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम जाणकाराकडून शिकून निदान तीन महिने नेमाने केले, तर पुष्कळ जणींना गुण येतो. शस्त्रक्रिया सुचवली तर डॉक्टरांना विचारा: आत काही बसवणार आहात का? ते पुढे काढता येते का? दुसरा उपाय कोणता? विचारायची लाज वाटू देऊ नका.)

दुसरा एक प्रश्न

प्रश्नाला दर वेळी आठ वर्षेच लागतात असे नाही. त्याच संसदेत २०१६ साली मोनिका लेनन नावाच्या बाई निवडून आल्या. पाळीच्या दिवसांत लागणारे पॅड ज्यांना परवडत नाहीत, त्या बायकामुलींसाठी सरकार काय करते, हे त्यांनी विचारायला सुरुवात केली. संसदेत असल्या विषयावर बोलायचे, हेच अनेकांना नवे होते.

प्रश्नांनी हालचाल सुरू झाली. २०१७ साली अॅबर्डीन शहरात गरीब घरांतल्या बायकामुलींसाठी एक लहान प्रयोग झाला. २०१८ साली सरकारने ५२ लाख पौंडांची तरतूद करून शाळा-कॉलेजांतून पॅड फुकट देण्याचे ठरवले. पण लेननबाईंना कायदा हवा होता, म्हणजे सरकार बदलले तरी हक्क बदलू नये. सरकार आधी कां-कूं करीत होते. सरकारच्या हिशेबाने वर्षाला २ कोटी ४१ लाख पौंड लागणार, बाईंच्या हिशेबाने ९७ लाख. बघा, इथेही भांडण आले ते आकड्यांवर! शेवटी २४ नोव्हेंबर २०२० रोजी १२१ विरुद्ध शून्य मतांनी तो कायदा मंजूर झाला आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून अमलात आला. ज्या कुणाला गरज असेल तिला ही वस्तू फुकट मिळण्याची सोय करणे, हे तिथल्या नगरपालिकांवर आणि शाळा-कॉलेजांवर कायद्याने बंधनकारक झाले.

आपल्या दारात

आता परत आपल्या घरी येऊ. आपल्या विधानसभेतही बैठकीचा पहिला तास प्रश्नांचा असतो. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. चार बायकांनी मिळून आपल्या आमदारांना, "आमच्या भागातल्या दवाखान्याबद्दल एवढा प्रश्न विचारा," असे लिहून दिले, तर त्यात वावगे काही नाही. २००५ च्या माहितीच्या अधिकाराने तर १० रुपयांत आपण स्वतःच विचारू शकतो, आणि साधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

मात्र विचारायचे कसे, ते त्या जाळीच्या बायकांकडून शिकून घेऊ या.

एका वेळी एकच गोष्ट विचारावी. "दवाखान्याची दुर्दशा कधी संपणार?" याला उत्तर नसते. "बाळंतिणींच्या विभागात खाटा किती आणि परिचारिका किती?" याला असते.

आकडा, तारीख आणि जबाबदार कोण, या तीन गोष्टी मागाव्यात. "लवकरच होईल" हे उत्तर धरू नये. लवकर म्हणजे कोणती तारीख, ते विचारावे.

"आमच्या हातात नाही," असे ऐकू आले तर रागावून परत फिरू नये. "मग कुणाच्या हातात आहे आणि तुमच्या हातात काय आहे, ते लिहून द्या," असे म्हणावे.

उत्तर आले की जपून ठेवावे. किराणा मालाच्या बिलांच्या डब्यात ठेवले तरी चालेल, पण ठेवावे. पुढच्या वेळी तेच दाखवायचे असते.

एकटीने जाऊ नये. आणि बरोबर येणारी आपल्याच विचारांची, आपल्याच पक्षाची हवी, असा हट्टही धरू नये. तीन पक्षांचे तीन सभासद एका दुखण्यासाठी एकत्र बसले, म्हणून तर ते दुखणे खरे ठरले.

आणि पुन्हा विचारावे. एकदा विचारून सोडून दिलेला प्रश्न म्हणजे विरजण न लावलेले दूध. नासून जायचे, दुसरे काय! त्या बायकांच्या अर्जाची सुरुवात झाली तेव्हा ज्या मुली पहिलीत होत्या, त्या कायदा झाला तेव्हा नववीत गेल्या होत्या. इतकी वर्षे कुणीतरी दर वेळी उठून तेच विचारत राहिले.

तर उद्या सकाळी दूध घेतलेत, की कॅलेंडरकडे एकदा बघा. पेन्सिल दोरीला बांधलेली आहे ना? ती तशीच राहू द्या. आणि तिच्याच शेजारी एक छोटी वहीही टांगून ठेवा. तुमच्या गल्लीत पाणी कोणत्या दिवशी आले नाही, दवाखान्यात डॉक्टर कोणत्या दिवशी नव्हते, रेशनच्या दुकानाला कोणत्या दिवशी कुलूप होते. तारीख घालायची आणि एक फुली. बस्स, एवढेच. विचारायची वेळ आली की तुमची पहिली ओळ तयार असेल.